फोन उचलणार कोण? मुलांच्या साध्या फोनविषयी वाचकांचे प्रश्न

शाळेत पायी जाणाऱ्या मुलाला फक्त घरच्यांशी बोलता येईल, बाकी काही करता येणार नाही, असा फोन मिळतो का, असा प्रश्न एका पालकांनी मागील अंकात विचारला होता. जागेअभावी मी त्याला चार ओळींचे उत्तर दिले आणि ते किती अपुरे होते, हे त्यानंतर आलेल्या पत्रांनी माझ्या ध्यानात आणून दिले. मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांसाठी या वेळचे संपूर्ण सदर राखून ठेवले आहे. पत्रांत मुलांचा उल्लेख असल्यामुळे लिहिणाऱ्यांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्या गावातील बरीच घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ. माझ्या सहावीच्या वर्गातील एक मुलगी अशीच आजीजवळ राहते. त्यांची वस्ती शाळेपासून अडीच किलोमीटरवर आहे. वाटेत ओढा आणि पडीक रान लागते. निघण्यापूर्वी तिच्या वडिलांनी मला विचारले, "बाई, पोरीला कोणता फोन घेऊन देऊ? मोठा द्यायची भीती वाटते, अन् बिनफोनचं ठेवायचीबी भीती वाटते." त्यांना काय सांगावे? — एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : बाई, फोन कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्या मुलीचा दिवस त्यावर मांडा. सकाळी साडेनऊला ती वस्तीवरून निघते, त्या वेळी तिने फोन लावला तर तो कोण उचलेल? आईवडील पहाटेपासून उसाच्या फडात असतात. हातात कोयता आणि डोक्यावर मोळी असताना फोन कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच राहतो. आजी शेळ्या घेऊन रानात गेलेली असेल, किंवा तिला कमी ऐकू येत असेल. म्हणजे त्या घटकेला धावून येऊ शकणारे माणूस वाटेवरच्या वस्तीतली एखादी काकू, गावातील आशाताई किंवा तुम्ही स्वतः असाल. संध्याकाळी सातनंतर आईचा फोन लागतो, पण ती दोनशे किलोमीटरवर आहे. तिचा आवाज धीर देईल, मदत मात्र शेजारचे घरच करील. मुलांच्या फोनवर 'आई' आणि 'बाबा' अशी दोन चित्रांची बटणे ठेवण्याची कल्पना जुनी आहे. २००५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या फायरफ्लाय या फोनवर ती होती. जिथे आईबाबा दिवसभर फोनजवळ असतात आणि तासाभरात मुलापर्यंत पोहोचू शकतात, तिथे ती कल्पना उत्तम आहे. तुमच्या गावात मात्र ऑक्टोबर ते एप्रिल या काळात त्या दोन बटणांवर विसंबून राहता येणार नाही. म्हणून कागदावर तीन नावे लिहा : सकाळच्या वाटेचे माणूस, शाळेच्या वेळेचे माणूस आणि रात्रीचे माणूस. त्या तिघांना प्रत्यक्ष भेटून विचारा की, या मुलीचा फोन आला तर हातातले काम टाकून तुम्ही उचलाल का. ज्याने 'हो' म्हटले त्याचाच नंबर फोनमध्ये घाला.

फोनचे म्हणाल तर खास मुलांसाठी म्हणून विकला जाणारा महागडा फोन घेण्याची गरज नाही. दुकानातला साधा बटणांचा, फोरजीवर चालणारा फोन पुरेसा आहे, मात्र त्यात इंटरनेट नाही किंवा ते बंद करता येते याची खात्री करून घ्यावी, कारण बटणांचा फोन म्हणजे व्हिडिओ नसलेला फोन हे समीकरण आता राहिलेले नाही. बहुतेक साध्या फोनमध्ये सुरक्षेच्या सेटिंगखाली 'फिक्स्ड डायलिंग' नावाची एक सोय असते, जिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती चालू केली की सिमकार्डावर या सोयीच्या यादीत नोंदवलेले नंबर आणि ११२ सारखा संकटकाळचा क्रमांक यांखेरीज दुसरा कोणताही नंबर लागत नाही. ती चालू-बंद करण्यासाठी 'पिन२' हा वेगळा अंक लागतो. तो वडिलांनी स्वतःजवळ ठेवावा आणि अंदाजाने टाकून पाहू नये, कारण तीन वेळा चुकला की तो बंद होतो आणि कंपनीकडून पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. या सोयीने बाहेर जाणारे फोन मर्यादित होतात, बाहेरून येणारे होत नाहीत, हेही वडिलांना स्पष्ट सांगा. अनोळखी फोन अडवण्याची सोय काही फोनमध्ये असते. घेतानाच दुकानदाराला ती दाखवायला सांगावी.

नंतर त्या तीन माणसांचे नंबर २, ३ आणि ४ या बटणांवर बसवा, म्हणजे बटण दाबून धरले की फोन लागेल. ५ आणि ९ ही बटणे मोकळी ठेवा. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरल्यावर संकटकाळचा फोन लागण्याची सोय असली पाहिजे, असा नियम आहे. तुमच्या फोनमध्ये ती कोणत्या बटणावर आहे हे सोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्या. ११२ हा पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सर्वांसाठीचा एकच क्रमांक आहे. १०९८ ही अठरा वर्षांखालील मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज देशभर चालते. तीही चोवीस तास आणि विनामूल्य आहे. हा क्रमांक फिक्स्ड डायलिंगच्या यादीतही घाला आणि मुलीला 'दहा-नऊ-आठ' असा म्हणून पाठ करून द्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती रिचार्जची. मुदत संपली की येणारे फोनही बंद होतात आणि हंगामात आजी कोणाला सांगून रिचार्ज करवणार? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधन घातले की, इंटरनेट नको असलेल्या ग्राहकांसाठी फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे पॅक ठेवावेत आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. मुलीच्या फोनला नेमके हेच हवे आहे. वडिलांना उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम मिळते त्याच आठवड्यात असे लांब मुदतीचे रिचार्ज करून टाकायला सांगा. आणि फोन हातात दिल्यावर तुमच्यासमोर तिला तीनदा फोन लावायला लावा : एकदा नेहमीसारखा, एकदा डोळे मिटून आणि एकदा मैदानाला धावत फेरी मारून आल्यावर, धाप लागलेली असताना.

प्रश्न : आम्ही नांदेड येथे तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी मर्यादित वापराचा मोबाइल तयार करणे हा प्रकल्प आम्ही चौघांनी घेतला आहे. त्यात जीपीएस, कॅमेरा, नाडीचे ठोके मोजणारा सेन्सर आणि दर पाच मिनिटांनी पालकांना जागा कळवणारा संदेश असे सर्व घातले आहे. मोबाइलच्या जाळ्याशी जोडण्यासाठी सिम८००एल हे मोड्युल (तयार सुटा भाग) वापरले आहे, परंतु फोन लावताना ते वारंवार बंद पडून पुन्हा चालू होते. यात आणखी काय घालावे? — चार विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मित्रांनो, तुमच्या प्रकल्पात घालण्यापेक्षा काढण्यासारखे अधिक आहे, पण आधी तुमचा बिघाड पाहू. हे मोड्युल टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते. बारीक तारांतून किंवा संगणकाच्या यूएसबीतून तुम्ही त्याला वीज देत असाल, तर त्या क्षणी दाब ३.४ व्होल्टच्या खाली जातो आणि ते बंद पडते. आखूड व जाड तारा वापरा, चांगली लिथियम बॅटरी सरळ जोडा आणि मोड्युलच्या अगदी जवळ हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मात्र एवढे करूनही हे मोड्युल तुम्हाला बदलावेच लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फक्त टूजीवर चालते आणि जिओचे जाळे टूजीवर चालतच नाही. त्यामुळे ज्या गावात फक्त जिओची रेंज आहे, तिथे तुमचा फोन म्हणजे नुसते खेळणे ठरेल. फोरजीवरून आवाज नेणारे मोड्युल घ्या. किंमत वाढेल, पण ज्या वस्तूवर मुलाचा जीव अवलंबून आहे तिथे ही काटकसर करता येत नाही.

आता काढायच्या गोष्टी. कॅमेरा काढा, त्याने सुरक्षितता वाढत नाही, उलट मुलांच्या छायाचित्रांचा एक नवाच धोका उभा राहतो. नाडीचा सेन्सर काढा, कारण लपंडाव खेळताना आणि घाबरल्यावर ठोके सारखेच वाढतात. दर पाच मिनिटांचा संदेशही काढा. जीपीएसचे मोड्युल चालू असताना साधारण ४० मिलिअँपिअर घेते. हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी केवळ त्याच्यावरच एका दिवसात रिकामी होईल आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. बटण दाबल्यावरच जागा शोधावी, ती सापडण्याची वाट न पाहता फोन आधी लावावा आणि जागेचा संदेश मागून पाठवावा. पत्र्याच्या छपराखाली जीपीएसला जागा सापडत नाही, कारण २०,००० किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संकेत पत्रा अडवतो. अशा वेळी शेवटची माहीत असलेली जागा आणि तिची वेळ पाठवावी आणि ती जुनी आहे हे संदेशात स्पष्ट लिहावे.

संदेशात काय लिहायचे, यावर तुम्ही चौघांनी एक पूर्ण दिवस खर्च करावा, अशी माझी विनंती आहे. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. तुम्ही अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत दिलेत, तर सुमारे अकरा मीटरपर्यंतची अचूकता मिळते आणि तेवढी पुष्कळ झाली. पण तो संदेश वाचणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपल्या खेड्यात जागा सांगायची ती बारवेपाशी, फाट्यावर, म्हसोबाच्या माळावर, तळ्याच्या पाळूवर अशी. आकड्यांची ओळ पाहून कोणीही धावत सुटणार नाही. म्हणून फोन देताना पालकाने मुलासोबत एकदा ती वाट चालावी आणि प्रत्येक ओळखीच्या ठिकाणी बटण दाबून त्याचे नाव नोंदवावे, अशी सोय तुम्ही करा. मग फोन सर्वांत जवळचे ठिकाण शोधून 'बारवेजवळ, शाळेच्या बाजूला' असे लिहू शकेल. असे आठ-दहा ठिकाणांचे कोष्टक साठवायला फारशी स्मृती लागत नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रकल्पाचा आत्मा हाच असेल.

दुसरी कसोटी फोन उचलणाऱ्याची. मागे काही विद्यार्थ्यांबरोबर मी असाच एक नमुना कन्नड तालुक्यातील एका वाडीवर घेऊन गेलो होतो. पहिल्या माणसाने उचलला नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला फोन लावायचा आणि उचलणाऱ्याने १ दाबले तरच तो 'पोहोचला' असे समजायचे, अशी आमची रचना होती. कागदावर ती बिनचूक होती. नातीने अंगणातून बटण दाबले, आत आजींचा फोन वाजला, त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला घट्ट धरला आणि 'हॅलो, कोण? कोण बोलतंय?' असे त्या म्हणत राहिल्या. फोन कानावरून काढून त्यातले बटण दाबायचे, ही गोष्ट त्यांच्या मनातही आली नाही. आठव्या सेकंदाला आमच्या यंत्राने फोन तोडला आणि पुढचा नंबर लावला. आजी मात्र तो बंद झालेला फोन तसाच कानाला लावून नातीला नावाने हाका मारत उभ्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही १ दाबायची अट काढून टाकली. फोन उचलला गेला की सरळ मुलाचा आवाज ऐकू जावा. आणि उचलणारे माणूस उपयोगाचे नसेल तर तेच बटण पुन्हा दाबून धरून पुढच्या माणसाकडे जाण्याचा अधिकार मुलाला असावा. शिक्षिका बाईंच्या पत्राला उत्तर देताना मी वेळेनुसार माणसे बदलतात असे म्हटले आहे. साध्या फोनमध्ये ते मुलीला लक्षात ठेवावे लागते, तुमच्या फोनला मात्र घड्याळ पाहून हा क्रम आपोआप बदलता येईल. तेवढे जरूर करा.

बटण एकच, मोठे, किंचित खोलगट आणि तीन सेकंद दाबून धरल्यावरच चालणारे असावे, नाहीतर दप्तरातील कंपासपेटीच त्याला दाबत राहील. फोन लागल्यावर तो हातात थरथरावा, म्हणजे न पाहताही मुलाला कळेल. आवाज करणारा भोंगा हवा की नको, यावर मतभेद आहेत. जपानमध्ये डोकोमो कंपनीने २००६ मध्ये काढलेल्या मुलांच्या फोनला मोठ्या आवाजाचा भोंगा होता आणि गजबजलेल्या गल्लीत तो उपयोगी पडतो, कारण ऐकून लोक जमतात. ओसाड रानवाटेवर ऐकणारे कोणी नसते आणि भोंग्यामुळे त्रास देणाऱ्याला फोनचा पत्ता मात्र लागतो. म्हणून मुख्य बटण शांत ठेवा आणि भोंगा हवाच असेल तर तो वेगळ्या दोरीला बांधा.

आणि एक गोष्ट घालाच, ती म्हणजे टॉर्च. जमल्यास एफएम रेडिओ आणि गजरही घाला. संकटाखेरीज ज्याचा काहीच उपयोग नाही असा फोन महिनाभरात फडताळात पडून राहतो आणि नेमक्या दिवशी त्यात चार्जिंग नसते. नोकिया ११०० हा २००३ मधला फोन जगभरात पंचवीस कोटींवर विकला गेला, त्यात टॉर्च, धूळ आत न जाणारी रबरी बटणे आणि हातातून न निसटणाऱ्या कडा होत्या. ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्या दिवसाचा विचार त्यात होता. तुमच्या मुलाने रोज रात्री टॉर्चसाठी म्हणून तो फोन हाती घेतला, तर तो रोज चार्ज होईल. चार्जिंगवरून आठवले : लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी तापमान तिथवर सहज जाते. बॅटरी तापल्यास चार्जिंग आपोआप थांबेल अशी योजना करा. तसेच संदेश पाठवून नंबरांची यादी बदलता येत असेल, तर प्रत्येक फोनचा पासवर्ड वेगळा असला पाहिजे. सर्व फोनना १२३४५६ देऊन मोकळे झालात तर यादीतला आईचा नंबर काढून कोणीही आपला नंबर घालू शकेल.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. क्लासच्या नावाखाली तो कुठे जातो हे कळत नाही. आजूबाजूचे बोलणे पालकांना गुपचूप ऐकू येईल असा फोन किंवा घड्याळ मिळते, असे ऐकले आहे. त्याला न सांगता ते द्यावे का? — एक वडील, जालना

उत्तर : देऊ नये. तुमची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावाहून जालन्याला आलेला मुलगा संध्याकाळी सातपर्यंत घरी आला नाही की जीव कसा खालीवर होतो, हे मला ठाऊक आहे. परंतु असे घड्याळ फक्त तुमच्या मुलालाच ऐकत नाही. त्याच्या शेजारी बसलेला मित्र, शिकवणारे सर, मित्राच्या घरातील माणसे, या सर्वांचे बोलणे त्यांच्या नकळत तुमच्यापर्यंत येते. याच कारणासाठी जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुलांची ऐकणारी घड्याळे विकण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची काही घड्याळे तपासली, तेव्हा परक्या माणसालाही मुलाची जागा पाहता येते असे त्यांपैकी काहींच्या बाबतीत आढळले. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण वस्तू घ्यायची, तीच भीती ती वस्तू घरात आणते. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे, त्यांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक केली आहे आणि कंपन्यांनी मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे.

व्यवहाराचे बोलायचे तर चौदा वर्षांच्या मुलाला चार दिवसांत सारे कळते. मग ज्या संध्याकाळी तो जाऊ नये तिथे जाईल, त्या संध्याकाळी ते घड्याळ मित्राच्या घरी ठेवून जाईल, आणि तिथे काही वाईट घडले तर तुम्हाला फोन लावायला त्याच्याजवळ काहीच नसेल. मला सर्वांत जास्त भय याचे वाटते. त्याऐवजी त्याला समोर बसवून सांगा की, मला तुझी जागा कळावी असे वाटते, ती मी केव्हा पाहीन हे आपण दोघे मिळून ठरवू, आणि तू कुठूनही, कितीही वाजता 'बाबा, न्यायला या' असा फोन केलास तर मी आधी येईन आणि काय विचारायचे ते दुसऱ्या दिवशी विचारीन. हे शेवटचे वाक्य बोलल्यावर पाळावे लागते. तो खरोखर चुकीच्या जागी असताना त्याने तुम्हाला फोन करावा, एवढ्यासाठीच ही सारी खटपट आहे.

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. क्लासची टिपणे व्हॉट्सॲपवर येतात म्हणून स्मार्टफोन द्यावा लागला आणि आता तो तिच्या हातातून सुटत नाही. वसतिगृहात रात्री नऊला सर्वांचे फोन जमा करून घेतात. हे योग्य आहे का? — एक आई, जि. धाराशिव

उत्तर : स्मार्टफोन रात्री जमा होणे योग्य आहे, सर्वच फोन जमा होणे योग्य नाही. घर सोडून पहिल्यांदा दूर राहणारी, चाचणीत कमी गुण पडलेली मुलगी दिवसा हसतखेळत असते आणि तिला आईची आठवण येते ती रात्री अकराला. त्या वेळी तिच्या उशाशी एक साधा फोन असलाच पाहिजे, ज्यात बोलण्याखेरीज काही होत नाही. म्हणून तिच्यासाठी दोन फोन करा, एकावर दोन्ही कामे लादू नका. टिपणांचा स्मार्टफोन संध्याकाळी ठरावीक वेळ मिळावा. गुगलचे फॅमिली लिंक हे विनामूल्य साधन वापरून कोणती ॲप चालतील आणि किती वेळ, हे तुम्हाला तिच्याशी बोलून ठरवता येते. साध्या फोनचे सिम तुमच्याच नावावर घ्यावे लागेल, कारण २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या नावे सिम दिले जात नाही. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना तो फोन उघडून दाखवा. त्यात इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, चारच नंबर आहेत, हे त्यांनी स्वतः पाहिले तर बहुधा त्या नकार देणार नाहीत. दिला तर इतर पालकांना सोबत घेऊन पुन्हा जा. आणि रात्री तिचा फोन आला तर, ताई, पहिल्या वाक्यात अभ्यासाचे विचारू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा विचार चालू आहे. पुसद तालुक्यातील बान्सी गावाने तसे केल्याचे वाचले. आम्हीही करावे का? — एक ग्रामपंचायत सदस्य, जि. हिंगोली

उत्तर : बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तसा ठराव केला, ही गोष्ट खरी आहे आणि त्यामागची कळकळ मी समजू शकतो. तुमच्या ठरावात मात्र 'मोबाइल' हा एकच शब्द न वापरता स्मार्टफोन आणि बोलण्यापुरता साधा फोन असे दोन वेगळे शब्द वापरा. मानव विकासच्या निळ्या बसने तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुली तुमच्या गावात असतीलच. शेवटची बस चुकली, तर स्टँडवरून घरी कळवण्यासाठी तिच्याजवळ काय असेल, हा प्रश्न ग्रामसभेत त्या मुलींच्या आयांनाच विचारा आणि मग मतदान घ्या.

प्रश्न : नातवाला फोन दिला तर त्याच्या लहरींनी मेंदूला अपाय होतो का? आणि एवढ्याशा पोराने फोन हरवला तर काय करावे? — एक आजोबा, परभणी

उत्तर : आजोबा, भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरींवर दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी मर्यादा आहे. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले की पुष्कळ फोनमध्ये हा आकडा दिसतो, तो १.६ पेक्षा कमी असावा. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक जोर लावतो, म्हणून नातवाला घराच्या आतल्या खोलीत न बोलता अंगणात येऊन, थोडक्यात बोलायची सवय लावा. त्याच्या वापरात असलेला चार नंबरांचा फोन दिवसात पाच मिनिटांहून अधिक कानाला लागणार नाही. तेवढ्याने घाबरून जाऊ नका.

हरवण्याचे म्हणाल, तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो आजच वहीत उतरवून ठेवा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवून सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तो क्रमांक देता येतो, म्हणजे तो फोन दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. पण त्या दिवशी नातू जिथे असेल तिथून त्याला दुसऱ्याच्या फोनवरून घरी बोलता आले पाहिजे आणि नंबर फोनमध्येच साठवलेला असल्यामुळे हल्लीच्या मुलांना तो पाठ नसतो. आमच्या शेजारची तिसरीतली मुलगी आईचा नंबर पाढ्याच्या चालीवर म्हणते, दोन-दोन अंकांच्या पाच जोड्या करून, आणि शेवटच्या जोडीवर पाढा संपवताना देतात तसा हेल देते. तिच्या आजीने तो रोज परवचा म्हणताना तिच्याकडून म्हणवून घेतला आहे.